चिलटाच्या डोळ्यातली सातवी पेशी: सेव्हनलेस म्युटंट हातात घेऊन कायनेज कसं समजून घ्यायचं

प्रोजेक्टला 'अमुक कायनेज जीनच्या म्युटेशनचा फळमाशीच्या वाढीवर परिणाम' असलं शीर्षक मिळालं की बहुतेक जण काय करतात, तर पेशीतला निरोप एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे कसा जातो त्याचा बाणांचा एक डायग्राम पाठ करतात, रिसेप्टर मग रॅस मग रॅफ मग मेक मग मॅपके, आणि व्हायव्हाला कोणी विचारलं की बाबा ठीक आहे पण म्युटंट माशीत नेमकं दिसतं काय, की गप्प. मीही असाच गप्प बसलेलो आहे म्हणून सांगतोय. बाण नंतर. आधी एवढंच विचारायचं की कुठली पेशी गायब आहे, कधी गायब झाली, आणि तिच्या जागी आता कोण बसलंय. हे तीन प्रश्न सुटले की बाण आपोआप लागतात.

यासाठी मी सगळ्यांना सेव्हनलेस नावाच्या कायनेज जीनपासूनच सुरुवात करायला सांगतो. कारण साधं आहे. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, आणि माशीतले बरेचसे कायनेज इतक्या ठिकाणी लागतात की जीन पूर्ण मोडला तर माशी मोठी होतच नाही. रॅफ पूर्ण बंद केलं तर प्रौढ माशी मिळणारच नाही, मग डोळा बघणार कुणाचा? सेव्हनलेसचं तसं नाही. तो लागतो डोळ्यातल्या फक्त एका प्रकारच्या पेशीला. जीन पूर्ण बिघडला तरी माशी मजेत जगते, अंडी घालते, आपल्या केळ्यांवरच्या चिलटांसारखीच दिसते. फरक इतका बारीक आहे की नुसत्या डोळ्यांनी तर सोडाच, साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पण कळत नाही. म्हणूनच शिकायला बेस्ट, कारण दिसत नसलेली गोष्ट दाखवून द्यायची सवय लागते.

थोडं डोळ्याबद्दल, कारण याशिवाय पुढचं काही कळणार नाही. माशीच्या एका डोळ्यात साधारण ७५० ते ८०० खण असतात, त्या प्रत्येकाला ओमॅटिडियम म्हणतात, आणि प्रत्येक खणात आठ फोटोरिसेप्टर, आर१ ते आर८. आर१ ते आर६ बाहेरच्या बाजूने, आणि मधे आर७ वर आणि आर८ त्याच्या बरोबर खाली, टिफिनच्या डब्यासारखे एकावर एक. आर७ अल्ट्राव्हायोलेट बघतो, आर८ निळा-हिरवा. हे सगळे एकदम बनत नाहीत. अळीच्या तिसऱ्या अवस्थेत डोळ्याच्या डिस्कमध्ये, म्हणजे पुढे डोळा होणाऱ्या पेशींच्या चकतीत, मागून पुढे एक खाच सरकत जाते आणि तिच्या मागे पेशी एकेक करून ठरत जातात, पहिला आर८, मग आर२ आर५, मग आर३ आर४, मग आर१ आर६, आणि फोटोरिसेप्टरमध्ये सगळ्यात शेवटी आर७. लग्नाच्या पंगतीत शेवटी आलेल्याला कुठे बसायचं ते कोणीतरी सांगावं लागतं ना, तसंच. इथे सांगणारा आर८.

आर८ च्या अंगावर बॉस नावाचं प्रोटीन असतं, पूर्ण नाव ब्राईड ऑफ सेव्हनलेस. आर७ होऊ घातलेल्या पेशीच्या अंगावर सेव्हनलेस रिसेप्टर. दोघं एकमेकांना चिकटले की सेव्हनलेसचा आतला कायनेजचा भाग जागा होतो, टायरोसिनवर फॉस्फेट लागतो, त्याला ड्रक नावाचं जोडणारं प्रोटीन येऊन चिकटतं, ड्रकबरोबर सन ऑफ सेव्हनलेस येतं, ते रॅसला चालू करतं, आणि मग रॅफ, मेक, मॅपके अशी कायनेजांची रांग. शेवटी न्यूक्लियसमधला यान नावाचा अडवणारा बाजूला होतो आणि पेशी न्यूरॉन होते. नावं बघितलीत ना, नवरी झाली, मुलगा झाला, आणि हो, डॉटर ऑफ सेव्हनलेस पण आहे. गंमत म्हणजे ही घरगुती नावं माणसाच्या जीनलाही चिकटली, आपल्यातल्या जीनचं नाव आजही एसओएस१ आहे. माणसात सेव्हनलेसचा नातेवाईक आरओएस१, जो फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये चुकून दुसऱ्या जीनला जोडला जाऊन कायम चालू राहतो. तेव्हा 'माशीच्या डोळ्याचं काय करायचंय' असं घरी कोणी विचारलं तर उत्तर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि इथे सगळे चुकतात. सेव्हनलेस बिघडला की आर७ होणारी पेशी मरत नाही. ती तिथेच असते, फक्त न्यूरॉन व्हायच्या ऐवजी कोन सेल होते, म्हणजे लेन्स बनवणारी पेशी. टॉमलिन्सन आणि रेडी यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं. म्हणजे रिपोर्टमध्ये 'आर७ नष्ट होते' असं लिहू नका, 'आर७ ची जागा घेणारी पेशी कोन सेल होते' असं लिहा. दोन्ही वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलं वाक्य म्हणतं कायनेज पेशीला जिवंत ठेवतं, दुसरं म्हणतं कायनेज पेशीला काय व्हायचं ते सांगतं.

चला, हात घाण करू.

स्टॉक मागवताना बघून घ्या. सेव्हनलेसचे बरेच म्युटंट अलील, म्हणजे त्याच जीनची वेगवेगळी रूपं, आहेत, पूर्ण बंद हवा असेल तर डी२ बरा. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या स्टॉक सेंटरमधून येतात, पण आधी आपल्याकडे चौकशी करा, मैसूर विद्यापीठात राष्ट्रीय ड्रोसोफिला स्टॉक सेंटर आहे, आणि मुंबई, पुणे, बंगळूरला माश्या पाळणाऱ्या लॅब भरपूर आहेत, त्यातलं कोणीतरी एक व्हायल, म्हणजे माश्यांची छोटी बाटली, देतंच, हे लोक एकमेकांना विरजण दिल्यासारखे स्टॉक देतात. लेबल नीट वाचा. काही स्टॉकमध्ये सेव्हनलेसबरोबर व्हाइट म्युटेशन पण असतं, डोळे पांढरे. पांढऱ्या डोळ्यात रंगद्रव्य नसल्याने प्रकाश एका खणातून दुसऱ्यात पाझरतो आणि वागणुकीच्या टेस्टचा बट्ट्याबोळ होतो. असा स्टॉक आला तर आधी लाल डोळ्याच्या माशीशी क्रॉस करून व्हाइट बाजूला काढा. दोन्ही जीन एक्सवरच पण बऱ्यापैकी लांब आहेत, मादीत रिकॉम्बिनेशन, म्हणजे दोन एक्समध्ये तुकड्यांची अदलाबदल, होतं, वेगळे मिळतात. नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही हे विसरू नका, म्हणजे रिकॉम्बिनंट मादीकडूनच.

२५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस, १८ ला जवळपास दुप्पट. फूड नेहमीचंच, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार. पुण्या-मुंबईत मे महिन्यात बेंचवर व्हायल ठेवू नका, ३० च्या पुढे नर नापीक व्हायला लागतात आणि तुम्ही उगाच म्युटेशनला दोष द्याल.

व्हर्जिन माद्या २५ डिग्रीला कोषातून निघाल्यापासून ८ तासांच्या आत गोळा करायच्या. फिकट अंग, अजून नीट न उलगडलेले पंख, आणि पोटात काळपट हिरवा ठिपका दिसला की ती नक्की ताजी. नर ओळखायला पुढच्या पायावरचा काळा कंगवा बघा, पोटाचं टोक काळं असतंच पण ताज्या नरात ते फिकट असतं आणि तिथेच नवखे फसतात.

क्रॉस दोन करा, उलटसुलट. पहिला, सेव्हनलेस मादी आणि नॉर्मल नर. जीन एक्स क्रोमोसोमवर आहे आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून सगळे मुलगे म्युटंट, सगळ्या मुली नॉर्मल. दुसरा, नॉर्मल मादी आणि सेव्हनलेस नर, यात मुलगे-मुली सगळे नॉर्मल. पहिल्या क्रॉसची गंमत अशी की एकाच व्हायलमधे, एकाच फूडवर, एकाच तापमानात वाढलेले म्युटंट भाऊ आणि नॉर्मल बहिणी फुकटात मिळतात. नर-मादीचा फरक आड येऊ नये म्हणून दुसऱ्या क्रॉसमधले नर पण ठेवा. हा कंट्रोल न ठेवता केलेले प्रोजेक्ट मी पाहिलेत, आकडे चकाचक आणि अर्थ शून्य.

आता उजेडाची टेस्ट. हा म्युटंट मुळात सापडलाच असा. अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत सीमूर बेन्झरच्या लॅबमध्ये विल्यम हॅरिसने माश्यांना अल्ट्राव्हायोलेट आणि साधा प्रकाश यातला एक निवडायला लावला, नॉर्मल माश्या अल्ट्राव्हायोलेटकडे पळतात, काही माश्या उलट्या गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यात आर७ नव्हता. पेपर १९७६ चा. याच बेन्झरबरोबर आपल्या टीआयएफआरच्या, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, ओबेद सिद्दीकींनी पण काम केलंय, त्यामुळे भारतातल्या माशी-लॅबचं गोत्र तिथपर्यंत जातं म्हटलं तरी चालेल.

घरगुती सेटअप सोपा आहे. दोन पारदर्शक ट्यूब समोरासमोर जोडा, मधे माश्या सोडायला जागा, एका टोकाला ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही एलईडी, दुसऱ्या टोकाला हिरवा. खोलीत अंधार. माश्या अर्धा तास अंधारात ठेवा, मग मधे सोडून हलकेच आपटा, एक मिनिट थांबा, मधला रस्ता बंद करा आणि दोन्हीकडच्या मोजा. एका वेळी ४०-५० माश्या. त्या दिवशी कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माश्या वापरू नका, त्या पुढचे कित्येक तास झिंगलेल्या असतात, वेगळं करायचं काम आदल्या दिवशी उरकून टाका. यूव्ही एलईडीकडे स्वतः बघू नका, यूव्ही अडवणारा चष्मा घाला.

ब्राइटनेस जुळवणं हे खरं काम आहे. आर१ ते आर६ पण यूव्ही पकडतात, म्हणून यूव्ही भरमसाट ठेवलात तर सेव्हनलेस माशी पण तिकडेच जाईल आणि तुम्ही म्हणाल म्युटंट नॉर्मल आहे. आधी फक्त नॉर्मल माश्या घेऊन यूव्ही कमी कमी करत जा, जिथे त्या अजून यूव्हीकडे स्पष्ट जातात पण जेमतेम, तिथे थांबा आणि तीच सेटिंग म्युटंटला द्या. आणि प्रत्येक राउंडला एलईडींची बाजू बदला, माश्यांना खोलीचा एखादा कोपरा उगाचच आवडतो.

यात माझी झालेली फजिती सांगतो. मी हौसेने ॲक्रिलिकचा देखणा टी-मेझ, म्हणजे टी आकाराचा दोन वाटांचा सेटअप, कापून घेतला, टेस्ट केली, म्युटंट हिरव्याकडे गेले, मी खूश, मग कंट्रोल सोडले तर तेही हिरव्याकडे. दोन आठवडे मी स्टॉक मिसळला असेल म्हणून व्हायली तपासत बसलो. शेवटी एका ज्युनियरने सुचवलं म्हणून यूव्हीखाली चमकणारा कागद ॲक्रिलिकमागे धरला, तर तो चमकेच ना. बऱ्याच ॲक्रिलिकमध्ये यूव्ही अडवणारा पदार्थ मिसळलेला असतो. माश्यांना यूव्ही पोचतच नव्हता, सगळ्याच आंधळ्या. तेव्हापासून काहीही जोडायच्या आधी तो कागद धरून बघतो, तुम्ही पण बघा.

वागणूक झाली, पण वागणूक म्हणजे पुरावा नाही, नुसती शंका. पेशी डोळ्यांनी बघायची. यासाठी माझी आवडती पद्धत नेलपॉलिशची. माशी बेशुद्ध करा, ब्लेडने डोकं कापा, स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशचा छोटा थेंब आणि त्यात डोकं आडवं, एक डोळा वर. थोडं वाळू द्या. मग डोळ्यावर इमर्शन ऑइलचा थेंब टाकून ४० एक्सचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह खाली आणा, प्रकाश खालून, कंडेन्सरमधून, जोरात. तेलामुळे कॉर्नियाची लेन्स पुसल्यासारखी होते आणि थेट आतल्या पेशींची टोकं दिसतात. फोकस हळूहळू वरखाली करा. नॉर्मल डोळ्यात प्रत्येक खणात सात चमकते ठिपके, सहा जण वाकड्या चौकटीत आणि मधे एक बारका सातवा. आठवा कुठे गेला विचाराल, तर तो सातव्याच्या खाली लपलाय. सेव्हनलेसमध्ये वरच्या थरात मधला ठिपका नाही, सहाच. पहिल्यांदा दिसतं तेव्हा खरंच अंगावर काटा येतो, शेकडो खण आणि प्रत्येकात मधे रिकामं. फोकस फार खाली नेलात तर आर८ ची टोकं मधे दिसायला लागतील आणि गोंधळ होईल, वरच्या थरातच मोजा. एका डोळ्यात निदान ३०-४० खण मोजा, किमान पाच माश्या, आणि मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुठली ते सांगू नका.

तिसरी पायरी डिस्कची, इथे पेशी काय झाली ते कळतं. भिंतीवर चढायला लागलेली जाड अळी घ्या, पीबीएसच्या, म्हणजे खारट बफरच्या, थेंबात ठेवा, एका चिमट्याने अंग मधे धरा, दुसऱ्याने काळे तोंडाचे हुक पकडून ओढा. हुकांबरोबर दोन पाकळ्यांसारख्या डोळ्याच्या डिस्क बाहेर येतात, मेंदूला चिकटलेल्या. पहिल्या वीस अळ्या फुकट जातील, मनावर घेऊ नका. ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये २० मिनिटं फिक्स, धुवा, आणि दोन अँटिबॉडी, इलाव्ह आणि प्रॉस्पेरो. इलाव्ह सगळ्या न्यूरॉनमध्ये, प्रॉस्पेरो आर७ आणि कोन सेलमध्ये. म्हणजे हिशोब सोपा: दोन्ही रंग असतील तर आर७, नुसता प्रॉस्पेरो असेल तर कोन सेल. सेव्हनलेसमध्ये दोन्ही रंगांची पेशी सापडणार नाही. इलाव्ह उंदरातली आणि प्रॉस्पेरो पण उंदरातलीच घेतली तर सेकंडरी, म्हणजे रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी, दोघांना चिकटेल आणि सगळ्याच पेशी तुम्हाला आर७ वाटतील, म्हणून इलाव्ह घुशीतली, म्हणजे रॅटची मागवा.

एवढं सगळं जुळलं तरी एक जुळा भाऊ आहे हे लक्षात ठेवा. बॉसचा म्युटंट हुबेहूब असाच दिसतो, आर७ गायब, बाकी सगळं जागेवर. पण बॉस कायनेज नाहीच, ती तर चिठ्ठी देणारी. ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे तो जीन तिसऱ्या क्रोमोसोमवर आहे, त्यामुळे वरचा मुलगे-म्युटंट मुली-नॉर्मल पॅटर्न येत नाही. दुसरं, आणि हे जास्त सुंदर आहे, मोझेक डोळे बनवा ज्यात काही पेशी म्युटंट आणि काही नॉर्मल. सेव्हनलेसच्या बाबतीत आर७ पेशी स्वतः चांगली असावी लागते, शेजारी कसेही असोत. बॉसच्या बाबतीत आर८ चांगली असावी लागते, आर७ चं काही का होईना. देणारा कोण आणि घेणारा कोण हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

कायनेजचाच दोष आहे, नुसत्या प्रोटीनचा नाही, हे पण कोणीतरी विचारेल. बास्लर आणि हाफेन यांनी १९८८ मध्ये सेव्हनलेसच्या कायनेज भागात एकच अमिनो आम्ल असं बदललं की प्रोटीन बनतं पण फॉस्फेट चिकटवता येत नाही, आणि ते प्रोटीन म्युटंटला वाचवू शकलं नाही. उलट पण करून झालंय: रिसेप्टरचा बाहेरचा भाग काढून कायनेज कायम चालू ठेवला तर बॉसची चिठ्ठी न येताच कोन सेल होणाऱ्या पेशी आर७ होतात, एका खणात जास्तीचे आर७, आणि डोळा वरून खडबडीत. म्हणजे बंद म्युटेशन बाहेरून गुळगुळीत आणि चालू म्युटेशन खडबडीत. अनोळखी अलील हातात आला तर पहिला अंदाज इथूनच बांधा. पण साधा नॉर्मल सेव्हनलेस हीट शॉकने सगळीकडे बनवला तर मात्र काही बिघडत नाही, आर७ आपल्या जागीच होतो, कारण चिठ्ठी अजून आर८ कडेच आहे.

तापमानावर अवलंबून असलेला अलील वापरायचा असेल तर आधी घरातल्या विजेचा विचार करा, मी मस्करी करत नाहीये. असा एक अलील वापरून सायमन आणि रुबिनच्या लॅबने १९९१ मध्ये रॅस आणि सन ऑफ सेव्हनलेसपर्यंतचा रस्ता शोधला. युक्ती अशी की कायनेज जेमतेम चालेल अशा तापमानावर माश्या ठेवायच्या, मग पुढच्या एखाद्या जीनची एक कॉपी जरी कमी झाली तरी आर७ जातो. पण दोन डिग्री इकडचं तिकडे झालं की सगळा निकाल बदलतो. आमच्याकडे एका शनिवारी दुपारी लाइट गेली, इन्क्युबेटर बंद, सोमवारी माश्या ठणठणीत दिसल्या म्हणून कोणी काही बोललं नाही, आणि पुढच्या आठवड्यात डोळ्यांत चक्क पट्टा दिसला, एका बाजूच्या खणांत आर७ आहे, मधे नाही, पुढे परत आहे. खाच सरकत असताना जेवढा वेळ गरम झालं तेवढ्या रांगांनी आर७ गमावला. प्रयोग वाया गेला खरा, पण तो पट्टा म्हणजे वीज गेल्याची वेळ डोळ्यावर लिहिलेली होती. नंतर मुद्दाम इन्क्युबेटर बदलून मी तेच परत केलं आणि 'कधी' या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच मिळालं. इन्क्युबेटरमध्ये मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर ठेवा, फार महाग नसतो.

तुमचा कायनेज सेव्हनलेस नसून रॅफ किंवा मॅपकेसारखा प्राणघातक असेल, तर त्याला फक्त डोळ्यात बंद करा. सगळ्यात सोपं म्हणजे जीएमआर-गॅल४ ची माशी (डोळ्यातच चालू होणारा स्विच) आणि तुमच्या जीनची यूएएस-आरएनएआय माशी (त्या स्विचने तुमचा जीन दाबणारी) क्रॉस करायची, खाचेच्या मागच्या पेशींमध्येच जीन दबतो. पूर्ण बंद हवा असेल तर एफएलपी-एफआरटी क्लोन, म्हणजे डोळ्यातल्या काहीच पेशी पूर्ण म्युटंट करायची पद्धत. एक्सवरचा प्राणघातक स्टॉक एफएम७ बॅलन्सरवर, म्हणजे म्युटेशन टिकवायला जोडीला दिलेल्या खास एक्सवर, येतो, त्याला बार डोळा असतो, अरुंद, तर त्या माश्यांमध्ये खण मोजू नका. आणि जीएमआर-गॅल४ एकटाच २९ डिग्रीला डोळा खडबडीत करतो, तुमच्या जीनचा त्यात काही हात नसताना, म्हणून नुसत्या गॅल४ ची एक व्हायल त्याच इन्क्युबेटरच्या त्याच कप्प्यात, तुमच्या क्रॉसला खेटून ठेवा.